अमित समर्थ

डॉ. अमित समर्थ हे नागपूर येथील दीर्घ पल्ल्याचे सायकलपटू, वैद्यकीय पदवीधर आणि क्रीडा प्रशिक्षक आहेत. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ (रॅम) ही शर्यत २०१७ मध्ये एकल गटात पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोन भारतीयांपैकी ते एक होत.

पार्श्वभूमी

समर्थ यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयाचेही शिक्षण घेतले आहे. पोहणे, सायकल चालवणे व धावणे यांचा समावेश असलेल्या ‘आयर्नमॅन’ स्पर्धा त्यांनी पूर्ण केल्या. नागपुरात त्यांनी ‘माइल्स अँड मायलर्स’ ही प्रशिक्षण संस्था स्थापन केली.

रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका

१९८२ पासून होणारी ही शर्यत २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथून मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिसपर्यंत झाली. अंतर सुमारे ४,९०० किलोमीटर असून वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत व विस्तीर्ण मैदानी प्रदेश लागतात. शर्यतीत टप्पे नसतात. घड्याळ अखंड चालू राहते, त्यामुळे झोपेचा वेळही एकूण वेळेतच मोजला जातो. साहाय्यक पथक वाहनातून सोबत असते. मात्र दुसऱ्या स्पर्धकाच्या आडोशाने वारा चुकवण्यास मनाई असते.

एकल गटासाठी बारा दिवसांची मुदत होती. समर्थ यांनी ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत, म्हणजे मुदत संपण्यास तीन तासही उरले नसताना, अंतिम रेषा गाठली. हा वेग दिवसाला सरासरी ४१० किलोमीटरच्या आसपास येतो; अमरावती-अकोला हे अंतर रोज चार वेळा कापण्याहूनही तो अधिक आहे. सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ हे त्याच वर्षी त्यांच्या सुमारे अडीच तास आधी पोहोचले. गोकुळनाथ यांचा २०१६ मधील प्रयत्न अपुरा राहिला होता; समर्थ यांना पहिल्याच प्रयत्नात यश आले. त्यापूर्वी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ही शर्यत दोघांच्या गटात, आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण केली होती.

सायबेरिया व भारत

२०१८ मध्ये समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची ‘ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम’ शर्यत पूर्ण केली. तिच्या पंधरा टप्प्यांपैकी सर्वांत मोठा टप्पा १,३०० किलोमीटरहून अधिक होता. त्या वर्षी केवळ तीन स्पर्धक अखेरपर्यंत टिकले. समर्थ तिसरे आले. २०२१ मध्ये त्यांनी दिल्ली, मुंबई, चेन्नई व कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन महामार्ग, सुमारे ६,००० किलोमीटर, चौदा दिवसांच्या आत सायकलीवरून पार केला.

महत्त्व

या क्रीडाप्रकारात उतरणारे बहुसंख्य स्पर्धक आपला व्यवसाय सांभाळून सराव करणारे हौशी सायकलपटू असतात. महाजन बंधू, गोकुळनाथ व समर्थ हे चौघेही वैद्यकीय क्षेत्रातील आहेत, ही बाब त्या दृष्टीने लक्षणीय आहे. समर्थ यांच्या कामगिरीमुळे दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगच्या नकाशावर विदर्भाची नोंद झाली.