जुन्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग जड झालंय? रॅक बदलण्याआधी हे तपासा

सेकंडहँड गाडीचं स्टिअरिंग जड लागलं की गॅरेजमधून बरेचदा पहिलं उत्तर येतं, "रॅक गेलाय." रॅक महाग असतो. पण जडपणाची कारणं टायरमधल्या हवेपासून सुरू होतात, म्हणून तपासणी नेहमी स्वस्ताकडून महागाकडे करावी. सॉफ्टवेअरमधला बग शोधतानाही आम्ही असंच एकेक भाग वेगळा काढून बघतो.

आधी सिस्टीम ओळखा. बॉनेटखाली स्टिअरिंग ऑइलची छोटी टाकी आणि इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप दिसला, तर ती हायड्रॉलिक. जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ, इंडिका या त्यातल्या. जुन्या वॅगन आरमध्ये ऑइलच नसतं, इलेक्ट्रिक मोटर जोर लावते.

मग पुढच्या टायरची हवा. ती बरोबर असेल तर पुढची चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा (नुसत्या जॅकवर भरवसा नको) आणि इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून लॉक काढून स्टिअरिंग फिरवा. थोडा जडपणा चालतो. पण एकाच जागी अडकत असेल तर पंप किंवा मोटरला दोष देऊ नका. कॉलमचा जॉइंट, बॉल जॉइंट किंवा रॅक बघायला हवा.

हायड्रॉलिकमध्ये ऑइल बरंच सांगून जातं. फेस म्हणजे हवा शिरलीय, काळं आणि जळका वास म्हणजे बदलायची वेळ झालीय. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेलंच घाला. ब्रेक ऑइल कधीच नको, सील खराब होतात. आयडलला जड आणि रेस दिल्यावर हलकं होत असेल तर आधी पट्टा, मग पंप. एकाच बाजूला जड असेल किंवा रॅकच्या रबरी बूटमध्ये ऑइल साचलं असेल, तर मात्र रॅकवरचा संशय खरा.

इलेक्ट्रिकचं वेगळं. माझ्याकडे माहुलला खाडीची खारी, दमट हवा आहे, त्यामुळे बॅटरी टर्मिनल आणि अर्थच्या वायरला गंज लवकर धरतो. स्टिअरिंगची मोटर जोर लावताना भरपूर करंट ओढते, तो वाटेत अडला की मदत कमी होते. शेजारच्या काकांच्या जुन्या वॅगन आरला एका गॅरेजने अख्खा कॉलम बदलायला सांगितला होता. मी मल्टिमीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठीक. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूला लावून काकांना स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. इथे आकडा शून्याच्या जवळ हवा, एक-दोन दशांश फार झाले. दिसला १ व्होल्टच्या वर. अर्थचा बोल्ट सोडून घासला, घट्ट बसवला. कॉलम अजून तोच आहे.

ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी स्कॅनर इथे फसवू शकतो. तो मुख्यतः इंजिनचे, 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतो. स्टिअरिंगचे कोड बहुधा 'सी'ने सुरू होतात आणि त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारा स्कॅनर लागतो. म्हणून मोबाइलवर 'नो फॉल्ट' दिसलं तरी स्टिअरिंगबद्दल काहीच ठरत नाही.

गाडी विकत घेत असाल तर चावी ऑन करताना स्टिअरिंगचा दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझतो का बघा. मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवला असण्याची शक्यता आहे. आणि थांबलेल्या गाडीत खूप वेळा डावी-उजवी टोकं गाठली तर मोटर तापते, सिस्टीम स्वतःच मदत कमी करते. थंड झाल्यावर पुन्हा हलकं होत असेल तर तो बिघाड नाही.

चालत्या गाडीत मदत बंद पडली तरी स्टिअरिंग चाकांशी जोडलेलंच असतं. दोन्ही हातांनी जोर लावून गाडी बाजूला घेता येते, फक्त चावी बंद करू नका. पण स्टिअरिंगमध्ये मोकळा खेळ असेल किंवा वळताना खटखट येत असेल, तर ती गाडी ईस्टर्न फ्रीवेवर चढवूच नका, टो करून न्या.