‘बंदर’ शब्दाचा अर्थ

जुन्या कागदांत एखाद्या खाडीस ‘बंदर’ म्हटलेलें आढळलें, म्हणजे संग्राहक मंडळी तेथें चिरेबंदी धक्का शोधूं लागतात; आणि तो न सांपडल्यास कागदच बनावट ठरविण्यापर्यंत मजल जाते. आमच्या मतें दोष कागदाचा नसून शब्दाच्या अर्थाचा आहे.

शब्द फारशी. बांध, अडथळा या अर्थाच्या ‘बन्द’शीं त्याचा संबंध लावतात. परंतु व्यवहारांत तो गलबतें येऊन राहण्याच्या जागेस व तेथील व्यापारी पेठेस लागतो. इराणांतील गोंब्रूनास शहा अब्बासावरून बंदर अब्बास हें नांव पडलें. आंध्र किनाऱ्यावरील मच्छलीपट्टणास तर नुसतें बंदरच म्हणत. पोर्तुगीजांनीं १५११ त मलाक्का घेतली, त्यापूर्वीं तेथें चार शहाबंदर असून त्यांतील एक केवळ गुजराथी व्यापाऱ्यांकरितां होता. हा अंमलदार व्यापाऱ्यांचा व मालाचा, धक्क्याचा नव्हे.

आतां आपल्याकडील पुरावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील (सुमारें इ. स. १७१५) आरमाराचें प्रकरण पहावें. पावसाळ्यापूर्वीं आठपंधरा दिवस आरमार छावणीस न्यावें, दरसाल एकाच बंदरीं ठेवूं नये, खवळणाऱ्या समुद्रांतील जंजिऱ्याखालीं ठेवूं नये, किल्ल्याचा आश्रय असलेल्या खाडींत ठेवावें, असा त्याचा आशय आहे. वर्षागणिक बदलावयाचीं हीं बंदरें म्हणजे आडोशाचें पाणी व लगतची वस्ती. भरतीबरोबर गलबत आंत यावें, ओहोटीस चिखलांत बसावें, माल माणसांनीं खांद्यावरून उतरवावा. यास दगडी कामाची गरज ती काय?

अर्थ आकुंचित झाला तो मुंबईंत. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या कोशांत ‘उतरण्याची जागा किंवा धक्का’ हा अर्थ आधीं असून सागरी शहर हा मागाहून येतो. एकाच शहरांत पालवा, बोरी, कर्नाक अशीं कित्येक ‘बंदरें’ झालीं. (पालव्याचें ‘अपोलो’ करून इंग्रजांनीं एका ग्रीक देवास कोंकणांत आणलें, तें वेगळेंच!) मराठींत अशा बांधीव जागेस धक्का हा स्वतंत्र शब्द आहे, भाऊचा धक्का सर्वांस परिचित आहे.

विजयदुर्गानजीक वाघोटण खाडीवर गिर्ये येथें खडक कापून केलेली गोदी दिसते, हें कोणी आमच्याविरुद्ध पुढें करील. पण ती आरमारी गलबतांच्या दुरुस्तीची जागा. माल उतरविण्याची नव्हे. तेव्हां कागदांत बंदराचें नांव मिळाल्यास प्रथम खाडीचा आडोसा व जकातीचे हिशेब तपासावे. चिरे मागाहून शोधावे.