उत्पन्न दुप्पट योजना (जपान)

जपानची दीर्घ पल्ल्याची आर्थिक योजना. पंतप्रधान हायातो इकेदा यांच्या मंत्रिमंडळाने ती डिसेंबर १९६० मध्ये मंजूर केली. दहा वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दुप्पट करायचे, हे तिचे उद्दिष्ट. ते सुमारे सात वर्षांतच गाठले गेले.

योजनेमागचे अर्थतज्ज्ञ ओसामु शिमोमुरा यांचा भर कारखान्यांतील नव्या यंत्रसामग्रीवर होता. सरकारने रस्ते, बंदरे आणि तंत्रशिक्षणावर पैसा ओतला. १९६४ मध्ये तोक्यो-ओसाका शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे धावू लागली. उत्पन्नातील वाढ घराघरांत दिसली, हे योजनेचे खरे यश. टबात हाताने कपडे घासणाऱ्या गृहिणीकडे वॉशिंग मशीन आले, फ्रीज आला, टीव्हीही आला.

किंमतही जबर मोजावी लागली. योक्काइची शहरात पेट्रोरसायन कारखान्यांच्या धुराने माणसे दम्याने खंगली. अखेर १९७० मध्ये संसदेने प्रदूषणविषयक १४ कायदे संमत केले. ते दहा वर्षे आधीच व्हायला हवे होते.