भविष्य निर्वाह निधी व गृहसंपादन

नोकरीच्या काळात कर्मचारी व मालक यांच्या वर्गणीतून वार्धक्यासाठी साठविलेला निधी घर वा जमीन यांच्या खरेदीसाठी वापरण्याची पद्धती. अशा वापरामुळे बचतीचे स्थावर मालमत्तेत रूपांतर होते. मात्र वार्धक्यात लागणारी रोख रक्कम त्या प्रमाणात घटते. ह्या दोन गरजांचा मेळ घालणे, हा ह्या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय.

नागपूर येथील एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला. सरकारी नोकरांच्या निधीस १८९७ व १९२५ च्या अधिनियमांनी संरक्षण मिळाले. खाजगी कारखान्यांसाठी १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला व त्याची जागा १९५२ च्या अधिनियमाने घेतली. प्रारंभी सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड ह्या सहा उद्योगांतील ५० वा अधिक कामगारांचे कारखाने त्याच्या कक्षेत आले. ही मर्यादा १९६० मध्ये २० वर आणण्यात आली. वर्गणीचा मूळ ६·२५ टक्के दर वाढत जाऊन १९९७ मध्ये सर्वसाधारणपणे १२ टक्के झाला.

१९५२ च्या योजनेतील परिच्छेद ६८-ब अन्वये पाच वर्षांच्या सभासदत्वानंतर घरासाठी रक्कम काढण्याची सोय होती. जागेसाठी २४ महिन्यांच्या व घरासाठी ३६ महिन्यांच्या वेतनाची कमाल मर्यादा होती. घर सभासदाच्या, पत्नीच्या वा पतीच्या अथवा उभयतांच्या नावे असणे आवश्यक होते. सामाईक मालमत्तेतील हिस्सा घेण्यास रक्कम मिळत नसे. एप्रिल २०१७ मध्ये किमान दहा सभासदांच्या गृहनिर्माण संस्थेमार्फत ९० टक्क्यांपर्यंत रक्कम काढण्याची तरतूद झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या तेरा तरतुदी तीन गटांत एकत्र करण्याचा आणि २५ टक्के शिल्लक खात्यात राखण्याचा निर्णय घेतला.

नोकरी बदलल्यास जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात वर्ग करता येते. २०१४ पासून त्यासाठी प्रत्येक सभासदास कायम क्रमांक देण्यात येऊ लागला. अमेरिकेत १९७४ च्या अधिनियमाने वैयक्तिक निवृत्ति-खाती निर्माण केली. तेथे निधी अशा खात्यात वर्ग करून त्यातून स्थावर मालमत्ता घेता येते. परंतु खातेदारास तीत स्वतः राहता येत नाही. भारतीय योजनेचा रोख नेमका उलट, म्हणजे राहत्या घराकडे होता. सिंगापूरने १९५५ मध्ये स्थापिलेला मध्यवर्ती निधी १९६८ पासून सार्वजनिक घरांच्या खरेदीस खुला केला.

नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यासारख्या संत्राबागांच्या प्रदेशात ह्या योजनांच्या मर्यादा स्पष्ट होतात. बागायतदार व शेतमजूर हे बहुतांशी निधीच्या कक्षेबाहेर राहतात. नागपूर–इटारसी लोहमार्गावर नोकरी करणाऱ्यांना व शिक्षकांना निधीचा आधार मिळाला. रेल्वेत निवृत्तिवेतन १९५७ मध्ये आल्यामुळे त्यापूर्वी निधीची एकरकमी रक्कम हाच मुख्य आधार होता. महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. शिवाय विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळवहिवाट अधिनियमाच्या कलम ८९ ने शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध घातला. त्यामुळे निवृत्तीची पुंजी हाती असूनही शेतकरी नसलेल्यास सहजासहजी बाग घेता येत नाही. आणि भावाभावांच्या सामाईक वाड्यातील हिस्सा घेण्यास निधीतून रक्कम मिळत नसे.

१९५२ च्या अधिनियमातील कलम १० ने खात्यातील रकमेस धनकोच्या जप्तीपासून संरक्षण दिले. तारण ठेवलेल्या घरास तसे संरक्षण नसते. घर निवारा देते व भाडे वाचविते. परंतु आजारपणात त्याचा एखादा कोपरा विकून औषध आणता येत नाही. म्हणूनच घरासाठी निधी खुला करताना त्याचा काही भाग राखून ठेवण्याची दक्षता घेण्यात येते.