कुळांच्या मोर्चाची कुळकथा

हजारोंच्या संख्येने राजधानीच्या दारात उभे राहावे आणि सरकारला आपले गाऱ्हाणे तोंडावर ऐकवावे, ही रीत पळसदरीपासून खोपोलीपर्यंतच्या खेडुतांच्या आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिला काही वंशावळ असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. ती शोधू गेल्यास, निदान तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यापुरते, तिचे मूळ खोताच्या खळ्यात सापडते.

खोत हा मूळचा वसुलाचा मक्तेदार; सरकारचा दस्त भरावा आणि कुळांकडून पिकाची अर्धल, तिर्धल व वर वेठ घ्यावी, हा त्याचा वंशपरंपरेचा शिरस्ता. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या 25 गावांच्या कुळांनी 1933 साली, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, खोताची जमीन कसणेच सोडून दिले, आणि मोलमजुरी करून, लाकडे विकून, सुमारे 6 वर्षे हा संप चालविला. एवढा धीर गिरणीकामगारांनाही क्वचितच साधला असेल. कामगाराची मजुरी बुडते, कुळाची मात्र पिढ्यांची वहिवाट पणास लागते.

या लढ्याचे वेगळेपण तुलनेने अधिक उमगते. सामान्यांच्या नावाने चालणाऱ्या राजकारणाचा आद्य पुरुष म्हणून अमेरिकेच्या अँड्र्यू जॅक्सनचे नाव घेतले जाते. तेथे मताधिकारावरील मालमत्तेची अट बहुतेक राज्यांतून, गोऱ्या पुरुषांपुरती, अगोदरच उठत गेली होती. 1828 ची निवडणूक जिंकून जॅक्सन अधिकारारूढ झाला तेव्हा हर्षभरित गर्दी थेट अध्यक्षीय प्रासादात शिरली, आणि त्याच लोकप्रिय अध्यक्षाने 1830 साली मूळनिवासी जमातींना मिसिसिपीपलीकडे घालविण्याचा कायदा केला. तेथे मत आधी, पुढारी मागून. कुलाब्यात क्रम उलटा! 1935 च्या कायद्याने मालमत्ता व शिक्षण यांच्या अटी ठेवल्यामुळे असंख्य कुळे मतदारयादीबाहेरच होती. संप आधी झाला, मोर्चा मागून, आणि प्रौढ मतदान सर्वांच्या शेवटी, 1951-52 साली.

तो मोर्चा 10 जानेवारी 1938 रोजी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. खोती नाहीशी करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी विधिमंडळात मांडले होते; त्याच्या पाठीशी लोकबळ उभे करण्यासाठी त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या हाकेला ओ देऊन हजारो शेतकरी जमले. कुणबी, आगरी, महार असे खोताच्या खळ्यावर एकमेकांपासून अंतर राखून उभे राहणारे लोक त्या दिवशी एका रांगेतून चालले, हे मला विधेयकाच्या कलमांपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

कर्जत तालुक्यात हे वारे माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या रूपाने वाहिले. वाढीदिढीने धान्य देणाऱ्या सावकारास उतारा म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, खेडोपाडी शाळा काढल्या. 1942 मध्ये त्यांचा आझाद दस्ता मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडू लागला, आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने ते हुतात्मा झाले.

खोती 1949 च्या कायद्याने गेली, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरून कसणारी कुळे मालक मानली गेली. परंतु डोंगरालगतच्या वाड्यांतील बहुतेक कातकऱ्यांचे नाव कूळ म्हणून कोणत्याच दप्तरात लागलेले नव्हते. निदान घराखालची जागा तरी नावावर व्हावी, म्हणून त्यांचे मोर्चे अजून तहसील कचेरीवर येत असतात.