अरबाज मीर आणि नांदेडचा गुरुद्वारा

मी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरचा, पण कॉलेज नांदेडला झालं. खोलीवर माझ्यासोबत एक सरदार मित्र होता. आम्हा दोघांनाही ‘असॅसिन्स क्रीड’ या गेमचं वेड. 2007 साली आलेल्या पहिल्या भागात 1191 मधलं दमास्कस आणि जेरुसलेम होतं. बाजारात लोकांचं बोलणं चोरून ऐकायचं, उंच मनोऱ्यावर चढून शहर बघायचं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेली धर्मयुद्धं आम्हाला तिथे भेटली.

2016 मध्ये या मालिकेचा ‘क्रॉनिकल्स: इंडिया’ हा छोटा उपभाग हातात धरून खेळायच्या व्हिटावरही आला. काळ 1841, राज्य शिखांचं, गोष्ट कोहिनूरची आणि नायक अरबाज मीर. आम्हाला वाटलं, हा गेम आमच्या खोलीसाठीच बनवलाय!

खेळायला बसलो आणि हिरमोड झाला. चित्रं देखणी आहेत, पण शहरात मनासारखं हिंडता येत नाही. आखलेल्या वाटेने पुढे सरकायचं आणि पहारेकऱ्यांची नजर चुकवायची. अमृतसर मागे लावलेल्या पडद्यासारखं राहतं. 1839 मध्ये महाराजा रणजितसिंह गेले, लाहोर दरबारात खुनाखुनी सुरू झाली, 1841 मध्ये शेरसिंह गादीवर आले, 1843 मध्ये त्यांचाही खून झाला. 1849 मध्ये राज्य आणि हिरा दोन्ही इंग्रजांकडे गेले. एवढा इतिहास समोर असताना गेमच्या हाती लागला तो फक्त हिरा.

त्या संध्याकाळी आम्ही हुजूर साहिबला गेलो. मी तिथे अनेकदा गेलो होतो, पण इमारतीचा विचार कधी केला नव्हता. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंह बादशहा बहादूरशहाच्या छावणीसोबत दक्षिणेत आले आणि नांदेडला त्यांचं निधन झालं. आजचा गुरुद्वारा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधवून घेतला. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. लाहोरच्या शीख राजाचं हे काम हैदराबादच्या मुसलमान राजाच्या मुलखात उभं राहिलं. रणजितसिंहांचा परराष्ट्र कारभार पाहत होते फकीर अझीझुद्दीन. आणि कोहिनूर? तोही गोवळकोंड्याच्या खाणीतला, म्हणजे दख्खनचाच, असं मानतात.

माझ्या गावचंही तसंच. 1760 मध्ये उदगीरला मराठ्यांनी निजामाला हरवलं, तेव्हा मराठ्यांच्या तोफा इब्राहिमखान गारद्याकडे होत्या. पुढच्याच वर्षी पानिपतावर तो मराठ्यांच्या बाजूने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला.

माझी तक्रार इथे आहे. आमच्या नावाचा नायक मिळाला, पण तो सावलीत लपणारा. अझीझुद्दीन भर दरबारात बसत होते, इब्राहिमखान भर मैदानात उभा होता. मात्र दोष एकट्या गेमला कसा देऊ? किल्ल्याच्या गावात वाढून मला इब्राहिमखान नीट माहीत नव्हता, आणि गुरुद्वाऱ्याच्या गावात वाढून मित्राला अझीझुद्दीन.

पुढच्या सुट्टीत तो माझ्यासोबत उदगीरला आला. किल्ल्याच्या बुरुजाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “यार, चढायला तर हा पाहिजे होता.”