आईचा सूर, लेकाचा ताल

आपल्याकडच्या मैफलीत गायक मधोमध बसतो आणि तबलजी जरा कडेला. कार्यक्रमपत्रिकेतही त्याचं नाव 'साथसंगत' या शब्दाखाली येतं. जाझच्या दुनियेत आर्ट ब्लेकीसारखे काही ड्रमर वाद्यवृंदाचे प्रमुख झाले, पण एरवी ड्रमरची जागा मागेच. जाझमधली उत्स्फूर्त बढत आणि रॉकची विजेवरची वाद्यं एकत्र आली, त्याला फ्यूजन म्हणू लागले. त्या प्रवाहात १९६९ साली टोनी विल्यम्सचा 'इमर्जन्सी!' आणि १९७३ साली बिली कोबहॅमचा 'स्पेक्ट्रम' आला. दोन्ही अल्बमांचं नेतृत्व ड्रमरकडे होतं. ताल आता नुसता सोबत करत नव्हता, तोच वाट दाखवत होता.

याच वाटेवरचा, पण आपल्या मातीशी नातं असलेला एक अल्बम १९८८ साली आला. 'उस्फ्रेट' त्याचं नाव. तो मुंबईत जन्मलेल्या त्रिलोक गुर्टू यांचा स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम. त्यात ट्रम्पेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर 'शक्ती'मधले एल. शंकर, बासवर योनास हेलबोर्ग, अशी नामांकित मंडळी आहेत. आणि गायला आहेत त्रिलोक यांच्या आई, ठुमरीसम्राज्ञी शोभा गुर्टू. अल्बममधल्या एका रचनेचं नावच 'शोभारॉक' आहे.

शोभाताई मूळच्या बेळगावच्या. जन्म १९२५चा, माहेरच्या भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई स्वतः कलावंत. लहानपणी त्यांना अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली. ठुमरी-दादरा दिला तो घम्मन खाँ यांनी. बेळगावची मुलगी, ब्रज-अवधीतले शब्द, शिकवणारे खाँसाहेब. यात काही 'मिश्रण' होतंय असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसेल. ती विद्या होती, आणि जो मेहनत करील त्याची ती होती.

लेकाला तबला शिकायला आईनं प्रोत्साहन दिलं, तालीम शाह अब्दुल करीम यांची. पाश्चात्त्य संगीत मात्र त्रिलोक ऐकून ऐकून शिकले. त्यांनीच सांगितलेली एक गंमत आहे. स्टुडिओत एकावर एक ध्वनी चढवून रेकॉर्ड तयार करतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे ऐकू येतं ते सगळं एकाच वेळी वाजवायचं असतं, असं समजून ते तसा रियाझ करत राहिले! पुढे ते जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवू लागले. ड्रम आणि तबला दोन्ही हाताशी, शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज त्या पाण्यात बुडवली की तिचा नाद वाकतो. अशी बैठक ना आपल्या मैफलीत होती, ना जाझच्या क्लबात.

१९७७ साली 'एम्ब्रियो' या जर्मन बँडच्या 'अपो-कॅलिप्सो' अल्बममध्येही ही माय-लेकं एकत्र होती. पण 'उस्फ्रेट'मध्ये घर लेकाचं आहे आणि आई त्यात गाते आहे. ती परदेशी पाहुण्यांसाठी आवाज बदलत नाही. तिची मुरकी, तिचा ठहराव, शब्द लाडानं घोळवण्याची तिची रीत तशीच राहते. लेकही तिच्यासाठी ताल सोपा करत नाही. दोघं एकमेकांना सवलत देत नाहीत, म्हणून ते ऐकताना आदर वाटतो.

हे मला जवळचं का वाटतं? मी मुसलमान, घरात दखनी बोलत वाढलो आणि कविता मराठीत लिहितो. 'तुम्ही मराठीत कसे?' हा प्रश्न मला आजवर कितीदा तरी विचारला गेला आहे. विचारणारा बहुधा कौतुकानंच विचारतो, पण त्या कौतुकात मला पाहुण्यांच्या पाटावर बसवलेलं असतं. फ्यूजनलाही आपण असंच विचारतो, हे आपलं की त्यांचं? भुर्जी खाँ आणि घम्मन खाँ यांनी बेळगावच्या त्या मुलीला हा प्रश्न विचारला असता, तर आज आपल्याजवळ काय उरलं असतं?

शोभाताई २००४ साली गेल्या. त्यांच्या ठुमऱ्या तुम्ही ऐकल्या असतील. आता 'उस्फ्रेट'ही ऐका. एकदा नुसत्या आईच्या आवाजामागे जा, आणि दुसऱ्यांदा नुसत्या लेकाच्या हातामागे. तिसऱ्यांदा ऐकताना दोन्ही वेगळे काढता येतात का, ते पाहा.